दिव्यांसकट नाताळचे झाड : बेताच्या पैशांत निवड कशी करावी?

श्रोतेहो, डिसेंबर उजाडला, थंडी जरा बोचू लागली की वसईच्या वाड्यांतून, अहिल्यानगर-जालन्याकडच्या ख्रिस्ती वस्त्यांतून आणि गोव्याच्या गावागावांतून नाताळची तयारी सुरू होते. घरोघरी बाळ येशूच्या जन्माचा गोठा मांडतात, दाराशी कागदाचा तारा टांगतात, करंज्यांचे डबे भरतात. याच्या जोडीला अलीकडे आणखी एक वस्तू घरात येऊ लागली आहे. ती म्हणजे हिरव्या प्लॅस्टिकचे, दिवे आधीच गुंफलेले नाताळचे झाड. पेटीतून काढायचे, उभे करायचे, प्लग लावायचा, की झाड उजळले! पुष्कळ शाळांतही गुरुजी आणि बाई मुलांसाठी असे झाड आणू पाहतात.

पण ही वस्तू काही रोजची नव्हे. घेणाऱ्याला तिची पारख नसते आणि खिशात पैसेही मोजकेच असतात. दुकानात झगमगाट पाहून माणूस भुलतो, आणि दोन वर्षांनी दिवे बंद पडले की अख्खे झाडच माळ्यावर जाऊन पडते. शिवाय ही वस्तू विजेची. ती निवडण्यात चूक झाली तर नुसते पैसे जात नाहीत, जिवावरही बेतू शकते. म्हणून हे झाड घेताना काय पाहावे, याचा आज थोडा विचार करू.

आधी या झाडाची कुळकथा थोडक्यात पाहू, कारण तिच्यातच आपल्या कामाचे दोन धडे आहेत. नाताळला घरात झाड सजविण्याची चाल जर्मन भाषिक मुलखातली. राईन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग शहरात लोक दिवाणखान्यात झाड उभारून त्याला कागदी गुलाब आणि सफरचंदे बांधतात, अशी नोंद 1605 सालची आहे. पुढे झाडावर मेणबत्त्या आल्या. 1848 साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीच्या कुटुंबाचे, सजविलेल्या झाडाभोवती उभे असलेले चित्र छापून आले आणि ही चाल इंग्लंडात घरोघरी पसरली. पण वाळत चाललेले झाड आणि त्यावर जळत्या मेणबत्त्या! आगीचे भय इतके, की शहाणी माणसे शेजारी पाण्याची बादली भरून ठेवीत. 1882 साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी आपल्या घरच्या झाडावर लाल, पांढरे व निळे असे 80 विजेचे दिवे लावले. झाडावर वीज आली ती तेव्हापासून.

कृत्रिम झाडही जर्मनीतलेच. एकोणिसाव्या शतकात तेथे हंसाची पिसे हिरवी रंगवून तारेला गुंडाळीत आणि त्यांच्या फांद्या करीत. पुढे 1959 च्या सुमारास अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मॅनिटोवॉक गावी चकाकत्या ॲल्युमिनियमची झाडे निघाली. काही वर्षे त्यांची मोठी हौस होती. पण एक अडचण होती. त्यांवर विजेच्या माळा लावावयाच्या नसत. का? माळेची वायर कोठे सोलवटली तर वीज पानांत उतरायची, आणि सगळे झाडच जिवंत तारेसारखे व्हायचे. म्हणून ती झाडे जमिनीवर ठेवलेल्या रंगीत, फिरत्या दिव्याने बाहेरून उजळीत. हा धडा लक्षात ठेवा. आपल्या प्लॅस्टिकच्या झाडाचे खोडही लोखंडी नळीचे असते आणि प्रत्येक फांदीच्या पोटात तार असते.

आता झाड कसे बनते ते पाहू. बाटली धुण्याचा ब्रश तुम्ही पाहिला असेलच. दोन तारांना पीळ देऊन मधे केस अडकविलेले असतात. स्वस्त झाडाची फांदी हुबेहूब तशीच असते. केसांच्या जागी पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीच्या कातरलेल्या हिरव्या काड्या असतात. दुसरा प्रकार पीई, म्हणजे पॉलिएथिलीन या प्लॅस्टिकचा. त्याची पाने साच्यात ओतलेली असतात. ती जाड असून खऱ्या पानांसारखी दिसतात, आणि किंमतही चढी असते. काही झाडांत बाहेरच्या टोकांना पीई आणि आत खोडाजवळ पीव्हीसी असते. बेताच्या पैशांत पीव्हीसीचे झाड घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त ते दाट आणि न झडणारे असावे. फांदी मुठीत धरून हलकेच दोन वेळा ओढावी. हातात चिमूटभर काड्या आल्या तर ते झाड तीन नाताळ टिकणार नाही, असे समजावे.

पेटीवर टोकांची संख्या छापलेली असते. टोके म्हणजे फांदीला फुटलेली छोटी शेंडे. उंची सारखी असेल तर जास्त टोकांचे झाड दाट. दोन झाडे तोलून पाहताना नुसती उंची पाहू नका, टोकेही पाहा. सहा फुटांचे विरळ झाड चार फुटांच्या दाट झाडापेक्षा महाग पडते आणि शोभा मात्र कमी देते.

उंचीचेही तसेच. बाजाराला जाण्यापूर्वी घरी दोरीने माप घ्यावे. आढ्यापर्यंतची उंची मोजा आणि त्यातून वरच्या ताऱ्यासाठी निदान एक फूट सोडा. मग जमिनीवरची जागा मोजा. सहा फुटांच्या झाडाचा खालचा घेर साधारण तीन-चार फूट भरतो, आणि आपल्या घरात तेवढी जागा म्हणजे एका माणसाचे अंथरूण! खोली लहान असेल तर सडपातळ घेराचे झाड मिळते ते पाहावे. किंवा चार फुटांचे झाड भक्कम टेबलावर ठेवावे. ते दुरून साडेसहा फुटांचे दिसते, आणि लहान मुलांचे हात वायरींपर्यंत पोचत नाहीत, हा वर फायदा. खालचा पाय लोखंडी आणि रुंद असावा. प्लॅस्टिकचा तकलादू पाय एका वर्षात चिरतो आणि झाड कलते.

आता मुख्य गोष्ट, दिव्यांची. शिक्षक बंधुभगिनींना हा भाग वर्गातही सांगता येईल. जुन्या पद्धतीच्या माळेत तापून उजेड देणारे बारीक बल्ब एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडलेले असतात. अमेरिकेत घरची वीज 120 व्होल्टची. तेथे अडीच व्होल्टचे 50 बल्ब ओळीने जोडले की 125 व्होल्ट होतात आणि हिशेब जुळतो. आपल्याकडे वीज 230 व्होल्टची, म्हणून सहा व्होल्टचे सुमारे 40 बल्ब लागतात. एकसरीचा दोष असा, की एका बल्बची तार तुटली की वाट तुटली आणि सगळी माळ अंधारात! हा दोष घालविण्यासाठी चांगल्या बल्बात तारेच्या बुडाशी आणखी एक बारीक जोडतार ठेवतात. तिच्यावर पातळ लेप असतो. मुख्य तार तुटली की साऱ्या माळेचा दाब त्या एका जागी येतो, लेप फुटतो आणि वीज त्या जोडतारेतून पुढे जाते. एक बल्ब विझतो, बाकीचे जळत राहतात. पण हे कायमचे औषध नव्हे. एक बल्ब गेला की उरलेल्यांवर थोडा जास्त ताण पडतो. चार-पाच गेले आणि आपण बदलले नाहीत, तर मग सगळेच लवकर जातात. म्हणून गेलेला बल्ब ताबडतोब बदलावा, तोही प्लग काढून.

आजकालच्या बहुतेक झाडांत एलईडीचे दिवे असतात. तेच घ्यावेत. हिशेब करून पाहा. 100 जुन्या बल्बांची माळ सुमारे 40 वॅट वीज खाते, एलईडीची तेवढीच माळ पाच-सात वॅट. सहा फुटांच्या झाडावर 300 दिवे धरले, रोज पाच तास आणि 20 दिवस लावले, तर जुन्या बल्बांना 12 युनिटे लागतील, एलईडीला दोनच्या आसपास. शिवाय एलईडी फारसे तापत नाही. तापलेल्या बल्बाशेजारी कागद, कापूस किंवा प्लॅस्टिक ठेवण्यातला धोका त्याने पुष्कळ कमी होतो.

परंतु एलईडी आहे एवढ्यावर थांबू नका. पुढची गोष्ट नीट ध्यानात घ्या, बरं का! एलईडीच्या माळा दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्लगपाशी अडॅप्टर असतो. तो घरच्या विजेचा दाब उतरवून 24 किंवा 31 व्होल्टच्या आसपास आणतो आणि झाडावर एवढीच मवाळ वीज जाते. दुसरीत नुसते बटणाचे डबडे असते. ते दिवे लुकलुकवते खरे, पण दाब उतरवत नाही. घरातली पुरी वीज झाडावर जाते. दिसायला दोन्ही सारख्या. ओळखायचे कसे? डबड्यावर काय छापले आहे ते वाचा. ‘इनपुट’ या शब्दापुढे 100 ते 240 व्होल्ट आणि ‘आउटपुट’पुढे 24, 29 किंवा 31 व्होल्ट असे काही असेल तर तो अडॅप्टर. आउटपुटचा आकडाच नसेल तर माळेत मुख्य लाइनचाच दाब आहे असे धरून चाला आणि ती लोखंडी खोडाच्या झाडावर घेऊ नका. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्यूरोची खूण आहे का, तेही पाहावे. आपल्या खेड्यांत विजेचा दाब कमीजास्त होत असतो. 100 ते 240 चा अडॅप्टर उतरलेला दाब चांगला सोसतो, हाही एक लाभ.

काही घरी दुबईहून, अमेरिकेहून मुलगा किंवा भाची झाड घेऊन येते. कौतुकाची भेट! पण लावण्यापूर्वी त्यावरचे आकडे वाचा. अमेरिकेतले 120 व्होल्टचे झाड आपल्या 230 व्होल्टांवर लावले तर दिवे क्षणात जळून जातील. प्लगचा आकार बदलणारा छोटा जोड मिळतो, पण तो फक्त आकार बदलतो, दाब नव्हे. छापील इनपुट 100 ते 240 असेल तरच तो जोड लावून झाड चालवावे.

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट, म्हणजे महात्मा जोतिबा फुले मंडई, आणि वांद्र्याचा हिल रोड या भागांत नाताळच्या सामानाची दुकाने लागतात. अशा ठिकाणी गर्दीत संकोच न करता म्हणावे, “भाऊ, झाड उभे करून, दिवे लावून दाखवा.” दुकानदार म्हणेल, “ताई, पेटी सीलबंद आहे, माल एक नंबर!” तरी आग्रह धरावा. दिवे दहा मिनिटे चालू ठेवावेत, मग अडॅप्टरला हात लावून पाहावा. कोमट झाला तर हरकत नाही, चटका बसला तर सोडून द्यावा. वायर नखाने सोलते का, वळविल्यावर पांढरी पडते का, हे बघावे. आणि तीन प्रश्न विचारावेत. एक दिवा गेला तर बाकीचे चालतात का? अडॅप्टर बिघडला तर सुटा मिळतो का? हमी झाडाची किती आणि दिव्यांची किती? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण दिव्यांची हमी बहुधा झाडापेक्षा कमी वर्षांची असते. कंपनीलाही ठाऊक असते की आधी जाणार ते दिवेच.

येथेच बेताच्या पैशांचा खरा प्रश्न येतो. दिवे गुंफलेले झाड घ्यावे, की साधे झाड आणि सुटी माळ? एक नमुन्याचा हिशेब मांडू. आकडे समजुतीपुरते आहेत, बाजारभाव आपापला पाहावा. समजा, दिव्यांसकट झाड 4,000 रुपयांना पडले. तसेच बिनदिव्यांचे झाड 2,500 रुपयांना आणि सुटी माळ 600 रुपयांना. चौथ्या वर्षानंतर दिवे गेले. पहिल्या घराने झाडच टाकून दिले. त्यांना नाताळ वर्षाला 1,000 रुपयांना पडला. दुसऱ्या घराने नवी माळ आणली आणि तेच झाड आठ वर्षे वापरले. एकूण खर्च 3,700, म्हणजे वर्षाला सुमारे 460 रुपये. आता तिसरे घर पाहा. त्यांनी दिव्यांसकट झाड घेतले, पण दिवे गेल्यावर झाड टाकले नाही. जुनी माळ काढून 600 रुपयांची नवी लावली. आठ वर्षांत 4,600, वर्षाला 575 रुपये. म्हणजे मोठा फरक पडला तो झाड टाकण्या-न टाकण्याने.

पैसे फारच मोजके असतील तर साधे दाट झाड आणि अडॅप्टरची सुटी माळ, हाच माझ्या मते शहाणपणाचा सौदा. तीच माळ गणपतीच्या मखराला चालते, दिवाळीला चालते. पण घरात वृद्ध माणसे आहेत, माळ गुंडाळायला कोणी नाही, किंवा शाळेत दरवर्षी घाईगर्दी असते, तेथे दिव्यांसकट झाड सोयीचे. वायरी फांद्यांत लपतात, लोंबत नाहीत, पायात येत नाहीत. असे झाड घेताना दिवे फांदीला चिमट्यांनी किंवा बंदांनी बांधलेले असावेत, फांदीच्या पिळात कायमचे वळलेले नसावेत. म्हणजे पुढे माळ बदलता येते. फांद्या खोडाला बिजागरीने जोडलेल्या असाव्यात. मग उभारताना आणि मिटताना वायर ताणली जात नाही.

खरेदीची वेळही साधता येते. नाताळ आणि नववर्ष उलटले की उरलेला माल दुकानदाराला जागा अडवितो आणि भाव उतरतो. पुढच्या वर्षाचे झाड जानेवारीत घेणारा मनुष्य तेवढ्याच पैशांत एक पायरी चांगली वस्तू आणतो. जुने, कोणी वापरलेले झाड घेताना मात्र जपावे. पीव्हीसी टिकविण्यासाठी पूर्वी त्यात शिशाची संयुगे घालीत. ज्या झाडाची भुकटी पडते असे जुनाट झाड लहान मुलांच्या घरात आणू नये. नव्या झाडालाही हात लावल्यावर मुलांनी हात धुवावेत.

झाड घरी आले, आता ते लावायचे कसे? आपल्याकडे एक वाईट खोड आहे. प्लग तुटला की वायरीची उघडी टोके भोकात घालायची आणि काड्यापेटीच्या काडीने ठोकून बसवायची. श्रोतेहो, हे कधीही करू नका! तुटलेली वायर चिकटपट्टीने जोडून झाडावर चढवू नका. सतरा फाटे फुटलेल्या बोर्डावर झाडाचा प्लग लावू नका. घरच्या मेन बोर्डावर 30 मिलिअँपियरचे गळतीरोधक बटण, ज्याला वायरमन आरसीसीबी म्हणतात, ते बसवून घ्या. गळती झाली की ते क्षणार्धात वीज तोडते. शाळेत तर ते असलेच पाहिजे, कारण तेथे शंभर हात झाडाला लागतात. पेटीवर आग न धरणारे असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ झाड सहजी पेट घेत नाही एवढाच. मुळीच जळत नाही असा नव्हे. म्हणून जवळ मेणबत्ती ठेवू नये, आणि घर निजले की दिवेही मालवावेत.

नाताळ सरला की वायरी सैल वेटोळ्यांत गुंडाळा, झाड कापडी पिशवीत घाला आणि कोरड्या जागी ठेवा. कोकणातल्या दमट हवेत ही काळजी अधिक घ्यावी लागते. दुसरा शत्रू उंदीर. त्याला वायरीचे वेष्टन कुरतडायला आवडते. म्हणून दरवर्षी प्लग लावण्यापूर्वी वायर बोटांनी चाचपून, डोळ्यांनी निरखून पाहावी. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि ते टाळून चालणार नाही.

आणि ज्यांना हे सारे परवडत नाही, त्यांनी हिरमुसून जाण्याचे कारण नाही. कोकणपट्टीत सुरूची फांदी कुंडीत रोवून नाताळ साजरा करता येतो. रोपवाटिकेत नॉरफोक बेटावरचे ॲरोकेरियाचे रोप मिळते. लोक त्यालाच ख्रिसमस ट्री म्हणतात. ते कुंडीत वाढते आणि दरवर्षी उपयोगी पडते. त्यावर मोबाइलच्या चार्जरवर चालणारी पाच व्होल्टची लहान माळ लावावी. वीज गेली तरी ती पॉवर बँकेवर जळते. फांद्यांना मुलांनी कागद कातरून केलेली फुले आणि तारे लावले की झाले. स्ट्रासबर्गच्या लोकांनीही कागदी गुलाबच लावले होते, नाही का?

तेव्हा बाजाराला निघताना एवढे लक्षात ठेवा : घरची जागा मोजून न्या, फांदी ओढून पाहा, डबड्यावरचा आउटपुटचा आकडा वाचा, दिवे लावून घ्या, आणि दिवे गेले तरी झाड टाकू नका. मग झाड चार फुटांचे का असेना, ते आठ नाताळ तुमच्या घरात उभे राहील, आणि त्याच्याभोवती मुले निर्धास्तपणे बसतील.